फराळाच्या पाकिटात ऑक्सिजन शोषणारी पुडी घालावी का?

फराळघर:
दिवाळीत आम्ही भाजणीच्या चकल्या, चिवडा आणि ओल्या नारळाच्या करंज्या पार्सलने पाठवतो. गेल्या वर्षी चिवडा तिसऱ्याच आठवड्यात खवट लागल्याची तक्रार आली. खोबऱ्याच्या कापांना तर वासच येत होता. पुरवठादार ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या सुचवतो. त्या खरोखर उपयोगी पडतात का, आणि करंज्यांनाही चालतील का?

अन्नतंत्र:
तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की पदार्थ खवट होतो, त्यामुळे चिवड्यासाठी पुडी उपयोगीच आहे. तिच्यात लोखंडाची बारीक पूड व मीठ असते. लोखंड गंजते आणि गंजताना ऑक्सिजन ओढून घेते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, म्हणजे पाकिटात अर्धा लिटर हवा उरत असेल, तर तिच्यात १०५ घन सेंटिमीटर ऑक्सिजन असेल आणि १०० घन सेंटिमीटर क्षमतेची पुडी अपुरी पडेल. त्याहून मोठी घ्यावी. पाकीट मात्र अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या लॅमिनेटचेच हवे, कारण साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन आत झिरपत राहतो.

करंज्यांच्या पाकिटात पुडी कदापि घालू नये. ओलसर आणि आंबट नसलेल्या पदार्थातला ऑक्सिजन काढला की बुरशी थांबते, पण बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) विष तयार करणाऱ्या जिवाणूला नेमके तेच वातावरण मानवते. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. हे विष दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

चकलीवाले:
आमची फजिती सांगतो. सगळ्या पुड्या सकाळीच परातीत ओतून ठेवल्या होत्या. दुपारी त्या हाताला कोमट लागल्या, आणि सोबतची गुलाबी गोळी निळी झालेली दिसली. गोळी निळी, म्हणजे भोवती ऑक्सिजन आहे आणि पुड्या फुकट गेल्या. तेव्हापासून लागतील तेवढ्याच बाहेर काढतो व उरलेल्यांचे पाकीट लगेच सील करतो.

शीतसाखळी:
करंज्यांना धोका आहे तो वाटेतल्या उष्णतेचा. पोलिओ लशीच्या कुपीवर १९९६ पासून असलेला चौकोन उष्णतेने गडद होत जातो. त्याच तत्त्वावरची लेबले अन्नासाठीही मिळतात. अर्थात, लेबल फक्त सोसलेली उष्णता सांगते, ती कमी करत नाही.

फराळघर:
मग पार्सलमध्ये सुक्या खोबऱ्याच्याच करंज्या पाठवू. ओल्या नारळाच्या गावातल्या गावात, त्याच दिवशी देऊ.