जुनी गाडी, दुरुस्तीचा खर्च आणि मेकॅनिकवरचा भरवसा: तुमचे अनुभव लिहा

आमची वॅगनआर २००९ ची, ठाण्यातच घेतलेली, एमएच ०४. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत रजिस्ट्रेशन रीन्यू करून पुढची ५ वर्षं मिळवलीत, त्यामुळे एवढ्यात विकायचा विचार नाही. पण आता सर्व्हिस सेंटरने २८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय, त्यात क्लच सेट, दोन्ही लोअर आर्म (पुढच्या चाकांना धरणारे सस्पेन्शनचे दांडे), शिवाय इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग वगैरे बरंच काही. वागळे इस्टेटमधल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने एक राउंड मारली आणि म्हणाला, क्लच करायलाच हवा, आर्मचे फक्त बुश (आतले रबरी तुकडे) गेलेत ते प्रेस करून नवे बसवू, बाकीचं आत्ता काही नको. सगळं मिळून ११ हजार. एवढा फरक असला की खरं कोण बोलतंय हे आपल्याला कळणार कसं? नुसतं "अमका मेकॅनिक मस्त आहे" नको, त्याने नेमकं काय केलं म्हणून विश्वास बसला किंवा उडाला ते सविस्तर लिहा. नावं-नंबर नकोत, परिसर लिहा.

कासारवडवली

घोडबंदर रोडला राहणाऱ्याचं सस्पेन्शन म्हणजे दर पावसाळ्यानंतरचा ठरलेला खर्च. गेल्या वर्षी पुढून खडखड आवाज यायला लागला, विशेषतः स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना. एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी न उचलताच सांगितलं स्टिअरिंग रॅक गेलाय, १८ हजार. मग सोसायटीतल्या एका काकांनी मानपाड्याजवळच्या एका मुलाकडे पाठवलं. त्याने गाडी जॅकवर घेतली, आत पान्हा घालून हलवला आणि मला म्हणाला, "दादा, खाली वाका, इथे बोट ठेवा, मी हलवतो." बोटाला स्पष्ट टकटक लागली. लिंक रॉडचा, म्हणजे सस्पेन्शनच्या एका छोट्या दांड्याचा, बॉल जॉइंट ढिला होता, बस्स. दोन्ही बाजूचे नवे टाकले, लेबर धरून दोन हजारांच्या आत काम झालं आणि आवाज बंद. जुने दोन्ही रॉड त्याने न मागता डिकीत ठेवले. तेव्हापासून मी दुसरीकडे गेलो नाही, आणि आमच्या विंगमधल्या निम्म्या गाड्या आता त्याच्याकडेच जातात.

नेरुळ

माझा अनुभव एसीचा. दर एप्रिलला कूलिंग कमी व्हायचं, गाडी दिली की "गॅस संपलाय मॅडम" म्हणून गॅस भरून द्यायचे, दोन अडीच हजार गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. आणि एक गोष्ट मनापासून खटकायची, गाडी माझी, चालवते मी, पैसे माझे, पण सोबत भाऊ असला की सगळं त्यालाच समजावून सांगणार. जुईनगरच्या एसीवाल्याने पहिल्यांदा मला नीट सांगितलं की ताई, गॅस वापरून संपत नसतो, बंद सिस्टीम आहे, कमी होतोय म्हणजे कुठेतरी गळतोय. त्याने नायट्रोजन भरून प्रेशर लावून ठेवलं, काटा खाली आला, जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं तर बाहेर कुठेच बुडबुडा नाही, म्हणजे डॅशबोर्डच्या मागची कूलिंग कॉइल. डॅशबोर्ड उघडायचा म्हणून काम मोठं, ९ हजार लागले, पण काढलेल्या कॉइलवरचा तेलकट हिरवट डाग त्याने मला दाखवला. अजूनपर्यंत कूलिंग एकदम व्यवस्थित. आधीच्या ठिकाणी दर वर्षी गॅस भरण्याऐवजी लीक शोधला असता तर माझे किती पैसे वाचले असते!

सानपाडा

सँट्रो, जुनी. मेकॅनिकने स्वतःहून मीटर बघून सांगितलं की टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदला, चालू गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट ते काम. खर्च सांगणारा प्रत्येक जण लुटायलाच बसलेला नसतो, हे पण इथे लिहायला हवं.

कळवा

पावसात पार्किंगमध्ये पाणी भरलं, सीटच्या खालपर्यंत. मी मेकॅनिकला फोन केला तर त्याचं पहिलं वाक्य, "चावी लावू नका, बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा." सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलंच. टो करून नेली, एअर फिल्टर ओला होता, प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं तर एका सिलिंडरमधून पाणी उडालं. ऑइल दोनदा बदललं, सीटा काढून कारपेट सुकवलं. इंजिन वाचलं. सकाळी लवकर फोन उचलणारा माणूस आहे म्हणून वाचलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. अजून एक, साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत असं पाण्यात स्टार्ट केल्याने झालेलं इंजिनचं नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं आणि जुन्या गाड्यांना ते बहुतेक कंपन्या देतच नाहीत.

खारघर

मी थोडं उलट लिहितो. लोकल गॅरेजमध्ये ओरिजिनल म्हणून बसवलेले ब्रेक पॅड डुप्लिकेट निघाले, पावसात वाशी पुलावर ब्रेक दाबल्यावर गाडी नीट थांबेना, बायको-मुलं गाडीत. त्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंगचं कुठलंही काम मी अधिकृत ठिकाणीच करतो, पक्कं बिल घेतो, जास्त पैसे गेले तरी चालतील. बाकीच्या कामांना पार्ट मी स्वतः कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून आणतो आणि गॅरेजला फक्त लेबर देतो. जो मेकॅनिक याला आनंदाने हो म्हणतो त्याच्याकडेच गाडी सोडायची.

वाशी

धागाकर्त्याला: ११ हजारवालं काम करून टाका, तुमच्याकडे अजून काही वर्षं आहेत. माझी झेन २००४ ची, दोनदा रीन्यू झालीय, आता २०२९ पर्यंत. रीन्यूअलची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार, पर्यावरण कर वेगळाच. मेकॅनिकने मात्र आत्ताच सांगून ठेवलंय की इंजिन उत्तम आहे, पण आपल्याकडच्या खाऱ्या हवेने खालचा पत्रा गंजायला लागलाय, फ्लोअर गेला तर पुढच्या वेळी आरटीओच्या पासिंगला अडेल, तेव्हा आता गाडीत महागातलं काही टाकू नका. या दिवाळीत मी नवीन टायर घेणार होतो चारही, त्याने दोनच घ्यायला लावले.