‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली की नाही?

कुपवाडहून

नमस्कार मंडळी. भाच्याचा बायोडाटा इंग्रजीत करायला बसलोय. पोरगा आयटीआय टर्नर. कुपवाड एमआयडीसीत दोन ठिकाणी सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशिनवर) काम केलंय, आता चाकणला मुलाखत आहे. काय काम केलं ते मराठीत झकास सांगतो, पण इंग्रजीत लिहायला घेतलं की गाडी अडते, आणि गंमत म्हणजे अडते ती इंग्रजी शब्दांवरच. त्याची वाक्यं अशी:

‘पहिल्या कंपनीनं सात महिन्यांनी ब्रेक दिला.’
‘दुसरीकडं ऑर्डर नव्हती म्हणून बारा दिवस ले-ऑफ होता.’
‘जॉब रिजेक्शन कमी केलं.’
‘आता पेमेंट अठरा हजार.’

मुद्द्याचे शब्द सगळे इंग्रजीच आहेत, मग तेच उचलून ठेवले तर चालतील ना? पुण्यात आयटीत असलेली माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, ले-ऑफ घालूच नका, काढून टाकलेला माणूस वाटेल.’ अहो, पण काढलं कुठं होतं? तेराव्या दिवशी हाच गडी परत मशिनवर उभा होता. मग शब्द कुणाचा खरा?

माधवनगरहून

तुमचाही आणि मुलीचाही. माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली, त्यामुळं हा शब्द मी मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, शेकडो वेळा लिहिलाय. जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं शॉपमधे, म्हणजे जिथं मशिनं चालतात तिथं, ‘ले-ऑफ’ म्हणतात तो कायद्यातला शब्द आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये त्याची व्याख्या होती. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल पडून राहिलाय, मशिन बंद पडलंय, नैसर्गिक आपत्ती आलीय, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचं नाव मस्टरवर असतं आणि त्याला कमी केलेलं नसतं, तेव्हा तो ले-ऑफ. म्हणजे ज्याची नोकरी गेली त्याला ले-ऑफ देताच येत नाही! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हाच अर्थ कायम आहे.

ज्याचं वर्ष भरलंय आणि कारखाना पन्नास किंवा जास्त कामगारांचा आहे, त्याला त्या दिवसांचे बेसिक आणि महागाई भत्त्याचे निम्मे पैसे मिळतात. त्यासाठी एक अट आहे, ती नवीन पोरांना माहीत नसते. ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा गेटवर हजर राहावं लागतं. आमच्याकडं सकाळी साडेसातला लायनीत उभे राहायचे, सही करायची, चहा घ्यायचा, सायकल फिरवून घरी. जो आला नाही त्याच्या नावापुढं मी काट मारायचो, मग महिन्याच्या शेवटी ‘साहेब, मी आलो होतो की’ म्हणून भांडण.

नोकरी जाते त्याला कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ म्हणतात. आपण मराठीत ‘कामावरनं कमी केलं’ म्हणतो ते तंतोतंत तेच. त्यात महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांची सरासरी मजुरी.

आता तुमच्या मुलीचा अर्थ. तो अमेरिकेकडून आलाय. तिथल्या मोटार कारखान्यांतही पूर्वी ‘लेड ऑफ’ माणसाला काम आलं की परत बोलवायचे. पुढं परत बोलवणं बंद झालं आणि शब्द तेवढा राहिला. आयटीतल्या माणसाला ले-ऑफ म्हणजे ईमेल आला, लॅपटॉप परत करा. चाकणच्या वर्क्स मॅनेजरला तुमचा अर्थ कळेल, पण बायोडाटा आधी वाचणारी एचआरची मुलगी एमबीए झालेली असेल. तिला कळेलच असं नाही.

तेव्हा शब्द काढा. बारा दिवसांची गोष्ट बायोडाटात लागतेच कशाला? नोकरी सलग आहे. कायद्याच्या हिशेबातसुद्धा रीतसर ले-ऑफचे दिवस सलग सेवेत धरतात.

इस्लामपूरच्या बाजूनं

काका, आमच्याकडं ऊसपट्ट्यात ह्यात आणखी एक पोटभेद आहे. गळीत हंगाम संपला की सीझनल माणसं घरी जातात, त्याला कुणी ले-ऑफ म्हणत नाही. ‘ऑफ सीझन’ म्हणतात, आणि त्या काळात मिळतो तो ‘रिटेनिंग’. नुसता ‘रिटेनिंग’, पुढचा अलाउन्स कुणी उच्चारत नाही. ‘रिटेनिंग जमा झाला का?’

आणि ‘कारखाना’ म्हटलं की फक्त साखर कारखाना बरं का. एमआयडीसीतली ती ‘कंपनी’, मग तिथं चार लेथ आणि सहा माणसं का असेनात. ‘पाव्हणा कारखान्यात आहे का कंपनीत?’ हा स्थळ बघतानाचा प्रश्न असतो, उत्तरावर बरंच ठरतं. इंग्रजी बायोडाटात मात्र नुसतं ‘फॅक्टरी’ लिहून भागत नाही, ‘शुगर फॅक्टरी’ असं पुरं लिहा.

माधवनगरहून

बरोबर बोललात. हंगामी कारखान्यांना ले-ऑफच्या भरपाईचं कलम लागूच नव्हतं, म्हणून तो शब्द तिकडं रुजला नसावा.

मिरजेहून

दवाखान्यातलं थोडं सांगते. आमचं सगळं ‘ड्यूटी’वर चालतं. ड्यूटी लागली, ड्यूटी बदलली, डबल ड्यूटी पडली. ‘आय ॲम ऑन ड्यूटी’ नर्सनं म्हटलं तर इंग्रजीत अगदी बरोबर. पण माझा भाऊ बँकेत आहे, तोही फोनवर ‘ऑन ड्यूटी’ म्हणतो. ऑफिसातल्या माणसानं ‘ॲट वर्क’ म्हणावं.

आणि सुट्टी! रविवारची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, आजारपणाची सुट्टी, मराठीत एकच. इंग्रजीत आठवड्याची ती ‘वीकली ऑफ’, सणाची ‘हॉलिडे’, अर्ज करून घेतली ती ‘लीव्ह’. ‘उद्या मला हॉलिडे पाहिजे’ असं आमच्या नवीन मुली लिहून देतात, मेट्रन हसतात.

कुपवाडहून

ले-ऑफ काढला. आता ‘ब्रेक’चं सांगा. मुलगी म्हणते हा त्याहून वाईट आहे.

विश्रामबागहून

वाईट नाही हो, उलटा आहे! मी मुलांना मुलाखतीचं इंग्रजी शिकवतो, त्यामुळं हे वाक्य दर बॅचला भेटतं. ‘दे गेव्ह मी अ ब्रेक आफ्टर सेव्हन मंथ्स.’ इंग्रजीत कुणी ब्रेक दिला म्हणजे संधी दिली. ऐकणाऱ्याला वाटणार, सात महिन्यांत पोराला मोठं काम मिळालं, शाबास. ‘आय टुक अ ब्रेक’ म्हटलं तर स्वतःहून थांबलो, घरचं काही असेल किंवा अभ्यास. आपला ब्रेक ह्या दोन्हीत बसत नाही. तो मालकानं दिलेला, बिनपगारी, आणि परत घेतील की नाही ते राम जाणे.

माधवनगरहून

सर, सात महिनेच का, तेही सांगून टाकतो. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्यानं ती सलग एक वर्षाची सेवा होते. मग त्याला काढताना मघाशी सांगितलेली नोटीस आणि भरपाई लागू. म्हणून दोनशेच्या पुढं आकडा सरकला की टेंपररी माणसाला ब्रेक. २४० भरले की आपोआप परमनंट होतो, असं कँटीनमधे छातीठोक सांगणारे भेटतात. ह्या कलमात तसं लिहिलेलं नाही. त्यानं संरक्षण मिळतं, परमनंट होणं हा वेगळा मुद्दा.

उलट दिशेनं गेलेला शब्द माहितीये का? ‘बदली’. १९४७ च्या इंग्रजी कायद्यात चक्क ‘बदली वर्कमन’ असंच छापलेलं होतं. मस्टरवरच्या एखाद्याच्या जागी कामाला घेतलेला तो बदली. तेव्हा ‘बदली कामगार होतो’ हे इंग्रजीत लिहायला लाजू नका. दुसऱ्या गावी झालेली बदली मात्र ‘ट्रान्स्फर’.

कुपवाडहून

मग ब्रेकच्या जागी काय लिहू?

विश्रामबागहून

कारण लिहूच नका. कंपनी, पद, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, बस. पदापुढं ‘टेंपररी’ लिहा. मुलाखतीत विचारलं तर एक वाक्य पाठ असू द्या: ‘इट वॉज अ टेंपररी पोझिशन अँड इट एंडेड आफ्टर सेव्हन मंथ्स.’ खरं आहे आणि सरळ आहे. ‘आय लेफ्ट’ म्हणू नये, तो सोडून गेला नव्हता.

‘जॉब रिजेक्शन’ही बदला. शॉपमधे जॉब म्हणजे मशिनच्या चकमधे (पकडीत) बांधलेला तुकडा, हे आपल्याला ठाऊक. जॉब बांधला, जॉब उतरवला, जॉब ओव्हरसाइज गेला. बाहेरच्याला वाटेल नोकऱ्या नाकारल्या जात होत्या, ह्यानं ते थांबवलं! ‘पार्ट रिजेक्शन’ लिहा. आणि नुसतं ‘कमी केलं’ नको. किती होतं, किती झालं, कशामुळं? टूल वेळेवर बदलला की ऑफसेट, म्हणजे मशिनला मापाची दुरुस्ती, नीट दिला? चाकणवाले तिथंच खोलात शिरतील.

कुपवाडहून

ऑफसेटच. दर पंचवीस नगांनी मापून दुरुस्ती द्यायचा, म्हणतो.

विश्रामबागहून

मग हेच लिहा की! सगळ्या बायोडाटात हे एक वाक्य कुणीतरी वाचेल.

मिरजेहून

‘पेमेंट’ राहिलं की.

माधवनगरहून

‘पेमेंट झालं का’ हे आपण पगाराला म्हणतो. इंग्रजीत पेमेंट कशाचंही असतं, दूधवाल्याचंसुद्धा. लिहिताना ‘सॅलरी’. पण खरी मेख पुढं आहे. फोनवर एचआर विचारते, ‘करंट सीटीसी?’ म्हणजे कंपनीला तुझ्यामागं येणारा सगळा खर्च किती. पोरगं हातात पडतात ते अठरा हजार सांगून मोकळं होतं. हातात येतो तो ‘टेक-होम’, म्हणजे आपला ‘इन हँड’. सीटीसीत मालकानं भरलेला पीएफ धरतात, ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर त्याचा मालकाचा ३.२५ टक्के वाटा, बोनस, काही ठिकाणी ग्रॅच्युइटीची तरतूदही. पीएफचे १२ टक्के तुमच्या पगारातून कापतात आणि तेवढेच मालक वेगळे भरतो, हे पगाराच्या स्लिपवर नेहमी दिसत नाही. अठरा सांगितले आणि त्यांनी अठराचीच सीटीसी दिली, तर चाकणला जाऊन पोराच्या हातात कुपवाडपेक्षा कमी पडतील. वर तिथलं खोलीभाडं.

त्याला म्हणावं, ‘माय टेक-होम इज एटीन थाउजंड’ असंच सांग. मधला शब्द गाळायचा नाही.

इस्लामपूरच्या बाजूनं

दादा, पहिल्या कंपनीचा दाखला घेतलाय का? सर्व्हिस सर्टिफिकेट? ब्रेक दिलेल्यांना बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत.

कुपवाडहून

नाही घेतलेला. सोमवारी धाडतो त्याला.

माधवनगरहून

जाताना आधार आणि जुना गेटपास घेऊन जा म्हणावं. दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून लागल्याची आणि सुटल्याची तारीख वाचायची. पीएफच्या खात्यातही त्याच तारखा असल्या पाहिजेत. नसतील तर आत्ताच दुरुस्त करून मागायच्या, चाकणची ऑर्डर आल्यावर कुणी दाद देणार नाही.