एकाच हवेचे दोन आकडे

पुण्याच्या एकाच भागासाठी दोन ॲपवर हवेच्या प्रदूषणाचे वेगवेगळे आकडे दिसतात, म्हणून ही सारी मोजणीच बनावट असल्याचा जो निष्कर्ष काही जण काढतात, तो मला पटत नाही. प्रमाणावरून निर्देशांक काढण्याची कोष्टकेच देशागणिक वेगळी आहेत: पीएम २.५ कणांचे, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचे, प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकी कोष्टकानुसार तोच दीडशेच्या वर जातो. मात्र भारतीय निर्देशांकात कणांसाठी २४ तासांची सरासरी धरली जात असल्याने सकाळच्या गर्दीत चौकात साचलेला धूर त्यात बराचसा विरून जातो, आणि ही उणीव मला कोष्टकांतील फरकापेक्षा अधिक गंभीर वाटते.

प्रत्येक सोसायटीने हवा मोजणारा स्वतःचा सेन्सर बसवावा, अशीही सूचना केली जाते; ती चांगली आहे, पण त्याला एक पथ्य आहे. स्वस्त सेन्सरमध्ये छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरचा झोत कणांवर पडून विखुरतो आणि त्या विखुरलेल्या प्रकाशावरून कणांच्या वस्तुमानाचा केवळ अंदाज बांधला जातो. दमट हवेत कण ओलावा शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ ही हवेची गुणवत्ता मोजणारी प्रणाली २०१० मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढे पुण्यातही आली. अशा अधिकृत केंद्राच्या नोंदींशी आपले आकडे दमट व कोरड्या, दोन्ही दिवसांत ताडून पाहिल्याशिवाय महापालिकेकडे जाऊ नये, अन्यथा पहिल्याच बैठकीत तक्रार उडवून लावली जाईल.