व्हेनम ‘अंगात येतो’, ‘गादीवर बसतो’ की ‘चढवला जातो’?

प्रश्न

मार्व्हल कॉमिक्समधल्या व्हेनमवर मराठीत एक मोठा लेख लिहायला घेतला आहे आणि शब्दांपाशी अडलो आहे. व्हेनम म्हणजे कोणी एक माणूस नव्हे; परग्रहावरचा एक काळा जीव माणसाला चिकटला की त्या जोडीचे ते नाव. एडी ब्रॉक, मॅक गार्गन, फ्लॅश थॉम्सन, ली प्राइस अशा अनेकांकडे हे नाव गेले, परत आले, पुन्हा गेले. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या अशा नावाला इंग्रजी वाचक सरसकट ‘मँटल’ (शब्दशः अंगरखा) म्हणतात. मी ‘झूल’ लिहून पाहिले, पण डोळ्यांसमोर पोळ्याचा बैल येतो. ‘वारसा’ लिहिले तर वाडवडिलांची इस्टेट वाटते. ‘पदभार’ म्हटले की सरकारी कचेरी.

दुसरी अडचण ‘अँटीहीरो’ची, म्हणजे नायक असूनही नायकाचे सद्गुण नसलेल्या पात्राची. ‘प्रतिनायक’ लिहू का? आणि तिसरी, व्हेनम स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ म्हणत नाही, अनेकवचनात बोलतो. तिथे ‘आम्ही’ पुरेल का?

प्रतिसाद

तुम्ही नाम शोधताय म्हणून अडताय. मराठीत ही गोष्ट क्रियापदाने सांगितली जाते, आणि ते क्रियापद नाव कसे पुढे गेले यावर ठरते. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले निदान चार वेगळे प्रकार इथे आहेत.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना सगळ्यात ओळखीचा म्हणजे वेताळ. ली फॉक यांनी १९३६ साली वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीसाठी निर्माण केलेला फँटम इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आला तो वेताळ होऊन. तो एकविसावा. बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच पोशाख घालतो, आणि जंगलातल्या लोकांना वाटते की हा एकच माणूस चारशे वर्षे जिवंत आहे. ही गादी आहे. ‘एकविसावा वेताळ गादीवर आला’ हे वाक्य कोणालाही खटकणार नाही. वेताळ अँटीहीरो नाही, पण तुलनेला उपयोगी पडतो.

बॅटमॅनच्या कथांमधला रेड हूड वेगळा. १९५१ सालच्या कथेत कळते की पुढे जोकर झालेला माणूसच आधी लाल मुखवटा घालून रेड हूड म्हणून वावरत होता. १९८८मध्ये जोकरने जेसन टॉडला, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनला, मारले. २००५मध्ये जेसन परतला तो रेड हूड बनून. आपल्या मारेकऱ्याचेच जुने नाव त्याने जाणूनबुजून उचलले. इथे कोणी कोणाला काही दिले नाही. सोंग पडलेले होते, दुसऱ्याने उचलले. म्हणून इथे ‘सोंग घेणे’ किंवा ‘मुखवटा चढवणे’. ‘वारसा’ इथे साफ चुकीचा ठरेल.

घोस्ट रायडरमध्ये तर इच्छेचाही प्रश्न नाही. १९७२चा जॉनी ब्लेझ पालक बापाला कॅन्सरमधून वाचवायला सैतानाशी करार करतो आणि फसतो. १९९०चा डॅनी केच एका मोटारसायकलला हात लावतो आणि अडकतो. २०१४चा रॉबी रेयेस मोटारीत बसतो आणि मेलेल्या काकाचे भूत त्याच्या मानगुटीवर बसते. ‘पछाडणे’, ‘मानगुटीवर बसणे’. हे शब्द आपल्याकडे तयारच आहेत, आणि त्यात भुताची मर्जी चालते, माणसाची नाही, हा अर्थही आपसूक येतो.

व्हेनमसाठी माझे मत ‘अंगात येणे’ आणि ‘सोडून जाणे’. परग्रहावरचा तो काळा जीव एका माणसाला धरतो, त्याच्या शरीरातून बोलतो, मग सोडतो. आधी पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, अंगावर काळा पोशाख म्हणून तो वावरला. पीटरने चर्चच्या घंटेच्या आवाजाचा उपयोग करून त्याला झटकले, आणि तिथेच त्याला एडी ब्रॉक सापडला. कोकणात भूत ज्याला धरते त्याला ‘झाड’ म्हणतात. ‘भुताने झाड बदलले’ असे म्हणता येते, तसे ‘व्हेनमने झाड बदलले’ हे मला फार नेमके वाटते. तो जीव ज्या माणसाला धरतो त्या ‘होस्ट’साठी ‘यजमान’ लिहू नका, सत्यनारायणाची पूजा आठवते.

प्रतिसाद

‘अंगात येणे’ला माझा विरोध आहे, आणि तो नुसता चवीचा नाही.

आपल्याकडे अंगात येते ते देवीचे, खंडोबाचे, फारतर पिशाचाचे. ते काही वेळ राहते आणि उतरते. त्या वेळात त्या माणसाचे स्वतःचे मन बाजूला सरकलेले असते. व्हेनममध्ये दोघेही जागे असतात आणि एकमेकांशी भांडतात. या जिवाला इंग्रजीत ‘सिंबायोट’ म्हणतात, त्याला आपल्या शाळेच्या पुस्तकातला ‘सहजीवी’ हा शब्द आहेच. गोड्या मसाल्यातले दगडफूल घ्या. ते शैवाल आणि बुरशी यांनी मिळून बनते, आणि दगडफूल म्हणून आपण ओळखतो ते दोघांच्या जोडीला. ‘व्हेनम’ हे नावही असे जोडीचे आहे. होस्टला ‘पोशिंदा’ म्हणावे; त्यात पोसण्याचा अर्थ आहे आणि कथेतही सहजीवी माणसावरच पोसला जातो.

शिवाय प्रत्येक वेळी क्रिया एकच नसते. फ्लॅश थॉम्सन पाहा. स्पायडर-मॅनच्या १९६२च्या पहिल्याच कथेपासून पीटरला शाळेत छळणारा आणि स्पायडर-मॅनचा मात्र भक्त असलेला हा मुलगा पुढे सैन्यात जातो आणि इराकमध्ये दोन्ही पाय गमावतो. २०११मध्ये लष्कर त्याला सहजीवी देते. त्यामुळे त्याला पाय मिळतात. पण अट अशी की सलग ४८ तासांपेक्षा जास्त तो अंगावर ठेवायचा नाही, नाहीतर जोड कायमची होईल. सहजीवीला औषधाने गुंगीत ठेवलेले असते. इथे ‘अंगात आले’ म्हणणे फ्लॅशवर अन्याय आहे. तो व्हेनम चढवतो आणि उतरवतो, शिपाई गणवेश चढवतो तसा.

ली प्राइसचे उलट. २०१६च्या मालिकेतला हा माजी सैनिक सहजीवीच्या मनाविरुद्ध त्याच्यावर हुकूम चालवतो. कोणी कोणाला धरले? माणसाने सहजीवीला. तिथे ‘ताब्यात घेणे’, ‘कोंडणे’ असेच लिहावे लागेल.

प्रतिसाद

वरचा आक्षेप मला पटला, पण त्यातूनच पहिल्या प्रतिसादातली गोष्ट जास्त ठसते: क्रियापद पोशिंद्याप्रमाणे बदला. उलट माझी भर अशी की ‘सोडून जाणे’ मात्र जवळजवळ सगळ्यांना लागू पडते, आणि व्हेनमच्या कथेचा जीव तिथेच आहे. २००४च्या सुमाराच्या कथेत कॅन्सरने आजारी ब्रॉक सहजीवीचा लिलाव करतो आणि पैसे दानधर्माला देतो. गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या असलेला एक बाप तो आपल्या मुलासाठी, अँजेलो फॉर्चुनाटोसाठी, विकत घेतो. अँजेलो भित्रा निघतो. उंच इमारतींवरून उडी मारताना अधांतरीच सहजीवी त्याला सोडतो आणि तो खाली पडून मरतो. मग सहजीवी मॅक गार्गनकडे जातो, जो आधी स्कॉर्पियन म्हणून ओळखला जाई. विकत घेतलेली गोष्ट मालकाला सोडून जाते. ‘मँटल’ या शब्दात हे कधीच येणार नाही, कारण अंगरखा स्वतःहून कोणाला सोडत नाही.

आता ‘प्रतिनायक’. हा शब्द इथे वापरू नका, असे मी कळकळीने सांगेन. संस्कृत नाट्यशास्त्रात त्याचा अर्थ पक्का आहे. धनंजयाच्या दशरूपकात प्रतिनायकाचे लक्षण दिले आहे: ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद्व्यसनी रिपुः’. रिपु, म्हणजे नायकाचा शत्रू. रामासमोर रावण, युधिष्ठिरासमोर दुर्योधन. म्हणजे प्रतिनायक म्हणजे आपला खलनायकच. अँटीहीरोला प्रतिनायक म्हटले की ज्याने संस्कृत शिकले आहे त्याला नेमका उलटा अर्थ लागतो. ‘अनायक’ हा शब्द समीक्षेत दिसतो, पण तो कादंबरीतल्या त्या हतबल, सामान्य, काहीच न घडवणाऱ्या मुख्य पात्राला शोभतो. व्हेनम हतबल नाही.

त्याच लक्षणातला दुसरा शब्द घ्या. नायकाचे चार प्रकार: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. धीरोद्धत कसा? ‘दर्पमात्सर्यभूयिष्ठो मायाच्छद्मपरायणः’. गर्व आणि मत्सराने भरलेला, माया आणि कपट यांत गुंतलेला. शिवाय अहंकारी, चंचल, उग्र, बढाईखोर. एडी ब्रॉक कोण होता? पत्रकार. खुन्याचे नाव म्हणून त्याने चुकीच्या माणसाचे नाव छापले, स्पायडर-मॅनने खरा खुनी पकडला आणि ब्रॉकची नोकरी व अब्रू दोन्ही गेली. दोष त्याने स्वतःला दिला नाही, स्पायडर-मॅनला दिला. मत्सर आणि दर्प! १९८८च्या मे महिन्यात ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३००व्या अंकात डेव्हिड मिशेलिनी आणि टॉड मॅकफार्लेन यांनी तो पूर्ण रूपात आणला तेव्हा तो शत्रू होता. १९९३च्या मालिकेत तोच सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन निरपराधांचा रक्षक होतो, पण गुन्हेगारांची गय करत नाही. ‘उद्धत नायक’ हा शब्द त्याला चपखल बसतो, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे.

फक्त हे विशेषण नावाला लावू नका, माणसाला लावा. गार्गनचा व्हेनम उघड खलनायक आहे. २००९मध्ये तर स्पायडर-मॅनचा जुना शत्रू नॉर्मन ऑस्बॉर्न त्यालाच ‘स्पायडर-मॅन’ म्हणून लोकांपुढे उभा करतो. फ्लॅशचा व्हेनम नायक आहे. ‘व्हेनम हा उद्धत नायक आहे’ हे वाक्य अर्धेच खरे. ‘ब्रॉकचा व्हेनम’ असे लिहा.

प्रतिसाद

‘आम्ही’बद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, त्याचा पुरेपूर उपयोग करा.

इंग्रजीत एकच ‘वी’. आपल्याकडे ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. म्हणून व्हेनम जगाशी बोलताना ‘आम्ही व्हेनम आहोत’, आणि ब्रॉक व सहजीवी मनातल्या मनात बोलतात तेव्हा ‘आपण’. ‘आपण त्याला सोडायचं नाही.’ वाचकाला कोण कोणाशी बोलतेय हे चित्र न पाहताही कळेल. एकच प्रसंग असा की जिथे बाहेरच्याशी बोलतानाही ‘आपण’ शोभेल: समोर पीटर पार्कर असताना. सहजीवी आधी त्याच्याच अंगावर होता. ‘आपण व्हेनम आहोत, पीटर’ यात धमकी आहे आणि जुनी ओळखही.

‘आम्ही’ राजेशाही वाटेल ही भीती सोडा. ‘आम्ही आज्ञा करतो’ असली वाक्ये टाळली की झाले. ‘आम्हाला भूक लागली’ म्हणणारा राजा वाटत नाही.

आणखी एक. ‘मी आलो’ म्हटले की पुरुष, ‘मी आले’ म्हटले की स्त्री. ‘आम्ही आलो’ दोघांचे. १९९०च्या दशकात ब्रॉकची घटस्फोटित पत्नी अ‍ॅन वेइंग काही काळ व्हेनम होते, २०२५मध्ये पीटरची जुनी प्रेयसी मेरी जेन झाल्याचे उघड होते. मधल्या काळात, २०२१च्या मालिकेत (तिच्या दोन लेखकांपैकी एक राम व्ही, मूळचे मुंबईचे), ब्रॉकचा मुलगा डिलन. या सगळ्यांच्या तोंडी व्हेनमचे वाक्य एकाच क्रियापदाने येते. माणूस ‘मी’ म्हणू लागला की लिंग परत येते, आणि वाचकाला कळते की आता बोलणारा माणूस आहे. फ्लॅश बराच काळ ‘मी’च म्हणतो, कारण त्याचा सहजीवी गुंगीत आहे. हा फरक अनुवादात हरवू देऊ नका.

सहजीवीला एकट्याला मात्र ‘ते’ म्हणा. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे. ‘ते ब्रॉकला बिलगले’, आणि जोडी झाल्यावर ‘तो गरजला’.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. लेखातला परिच्छेद असा बदलला आहे: ‘पीटरने झटकलेले सहजीवी ब्रॉकला बिलगले आणि व्हेनम जन्मला. लिलावात विकले गेल्यावर ते अँजेलोला अधांतरी सोडून गार्गनला जाऊन मिळाले. थॉम्सनने ते गणवेशासारखे चढवले, प्राइसने कोंडले.’ गादी, झूल, वारसा, सगळे काढून टाकले. ‘झाड’ हा शब्द विदर्भातल्या वाचकाला कळेल का, एवढेच कोणी तिकडच्याने सांगावे. कळत नसेल तर ‘पोशिंदा’ ठेवतो.