फॉल्ट बाहेर लाईनवर, डिफरेन्शियल मात्र ट्रान्सफॉर्मर पाडतंय. का?

चिकोडी_इलेक्ट्रिकल
नमस्कार मंडळी. चिकोडी भागातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल बघतो. ३३/११ केव्ही, ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, डीवायएन ११ (३३ ची बाजू डेल्टा, ११ ची स्टार, दोन्हींत ३० अंशांचा फरक), न्यूट्रल सॉलिड अर्थ, वर न्यूमेरिकल डिफरेन्शियल रिले (दोन्ही बाजूंचा करंट जुळतो का बघणारा). गाळपाच्या फुल लोडला चालतो तेव्हा काही कटकट नाही. पण दूधगंगेवरच्या जॅकवेलला जी ११ केव्हीची लाईन गेलीय तिच्यावर वळवाच्या पावसात आर फेजचा पिन इन्सुलेटर फुटला आणि फीडरचा रिले हलायच्या आत डिफरेन्शियलनं दोन्हीकडचे ब्रेकर पाडले, मास्टर ट्रिप लॉक, कारखाना अंधारात. गंमत म्हणजे फॉल्ट आर फेजला आणि रिले दाखवतोय वाय आणि बी! बुखोल्झ रिलेत (आत फॉल्ट झाला की तेलातला गॅस जमतो तिथं) गॅस नाही, मेगर (इन्सुलेशनची तपासणी), रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स सगळं घेतलं, सगळं बरोबर, मगच चार्ज केला. आता वरचे साहेब म्हणालेत रिलेच बदला. काय करू?

हुक्केरी_पॅनेलवाला
रिले बदलायला पैसे जास्त झालेत काय साहेबांना? पिकअप (किती फरकाला रिले पडायचा ती मर्यादा) ०.२ असेल तर ०.५ करा, सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट दिसला की ट्रिप अडवणं) पण जरा सेन्सिटिव्ह करा, इनरशमुळं असले फॉल्स ट्रिप येतात. सीझनमध्ये कारखाना चालला पाहिजे, बाकी नंतर बघा.

उद्यमबाग_टेस्टिंग
पॅनेलवाले दादा, राग नको पण हे करू नका. इनरश कधी येतो, ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना, तेव्हा एकाच बाजूनं फुल लोडच्या आठ-दहा पट करंट येऊ शकतो आणि त्यात सेकंड हार्मोनिक भरपूर असतो म्हणून साधारण १५ टक्क्यांवर ब्लॉक ठेवतात. इथं ट्रान्सफॉर्मर आधीच चालू होता. आणि पिकअप वाढवला की दोन-चार वेढ्यांचा आतला शॉर्ट रिलेला दिसणारच नाही, ज्यासाठी तो बसवलाय तेच काम बंद. ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर रिवाइंडिंगचं बिल पिकअपवाला भरणार नाही.

आता चिकोडीकर, तुमचं बघूया. डिफरेन्शियल म्हणजे दोन नाक्यांवरचा हिशोब, जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे, फरक उरला की फॉल्ट दोन्ही सीटींच्या (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांच्या) मध्ये. तुमच्या ५ एमव्हीएला एचव्हीत (३३ केव्हीकडं) फुल लोड ८७.५ अँपिअर, एलव्हीत (११ केव्हीकडं) २६२. सीटी १००/१ आणि ३००/१ असतील तर दोन्हीकडं सेकंडरीत ०.८७५ येणार, म्हणजे रेशोचा घोळ नाही. सीटीची पोलॅरिटी उलटी असती तर लोडवरच पडला असता. टॅप बदलल्यानं आणि सीटीच्या चुकीनं थोडा फरक राहतोच, त्यासाठी स्लोप असतो, करंट वाढेल तशी सूट वाढते.

मग उरलं काय? झिरो सीक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकाच दिशेनं जाणारा सारखा करंट. एलव्ही स्टार आणि न्यूट्रल जमिनीला, एचव्ही डेल्टा. बाहेर लाईनवर आर फेज जमिनीला टेकला की झिरो सीक्वेन्स करंट न्यूट्रलमधून वर येऊन एलव्हीच्या सीटीतून जातो, पण एचव्हीच्या डेल्टात आतल्या आत फिरतो, बाहेरच्या लाईनला आणि तिथल्या सीटीला त्याची खबरच नाही. रिलेनं एलव्हीतून तो वजा केला नाही तर तेवढा फरक तिन्ही फेजमध्ये सारखा दिसतो.

पूर्वी इलेक्ट्रोमेकॅनिकल रिलेला स्टार बाजूच्या सीटी डेल्टात जोडायचे, ३० अंशही जुळायचे आणि झिरो सीक्वेन्सही अडकायचा. आता दोन्हीकडं सीटी स्टारमध्ये आणि हे काम सॉफ्टवेअरकडं. काही रिलेत ३० अंश एचव्हीकडं फिरवता येतात आणि एलव्हीचा फिल्टर वेगळा चालू करावा लागतो. तो राहिला असेल तर बॅलन्स लोडला कधीच कळत नाही.

खानापूर_ट्रेनी
अण्णा एक विचारू? फरक तिन्ही फेजला सारखा तर मग वाय आणि बीच का पडले, आर का नाही? उलटंच झालं की.

उद्यमबाग_टेस्टिंग
बरोबर पकडलास. समज फॉल्ट करंट ५ पर युनिट, म्हणजे फुल लोडच्या ५ पट. फरक प्रत्येक फेजला त्याचा तिसरा हिस्सा, १.६७. आर फेजमध्ये एलव्हीत ५, एचव्हीत ३.३३, म्हणजे रेस्ट्रेन (रिलेला रोखून धरणारा करंट) भरपूर, सरासरी धरली तर ४.१७, फरक ४० टक्केच, वरचा स्लोप ६०-७० असेल तर बचावतो. वाय-बीला एलव्हीत काहीच नाही, एचव्हीत १.६७, सरासरी ०.८३. फरक त्याच्या दुप्पट. ते पडणारच. म्हणून तर पोस्ट वाचतानाच संशय आला.

चिकोडीकर, रिलेतला डिस्टर्बन्स रेकॉर्ड (ट्रिपच्या वेळच्या साठवलेल्या करंटच्या लाटा) काढा. तीन डिफरेन्शियल करंट एकावर एक बसत असतील तर हेच.

चिकोडी_इलेक्ट्रिकल
काढला अण्णा. तिन्ही लाटा एकमेकींवर, एकच रेघ वाटावी अशा. एलव्हीच्या सेटिंगमध्ये झिरो सीक्वेन्स फिल्टर: नाही. कमिशनिंगच्या रिपोर्टवर मात्र 'स्टॅबिलिटी ओके' (बाहेरच्या फॉल्टला रिले पडत नाही) लिहून सही ठोकलेली आहे!

उद्यमबाग_टेस्टिंग
ओकेच असणार, थ्री फेज शॉर्ट करून बघितली असेल, त्यात झिरो सीक्वेन्स कुठला. शटडाऊन घ्या, फिल्टर चालू करा, मग एचव्हीला ४१५ व्होल्ट द्या आणि एलव्ही सीटीच्या बाहेरच्या बाजूला एकच फेज न्यूट्रलला शॉर्ट करा. आधी तिन्ही फेज शॉर्ट करून बघितलंत तर इम्पिडन्स ७ टक्क्यांच्या आसपास धरून एचव्हीत १५-१६ अँपिअर, एलव्हीत ४७ च्या जवळपास मिळतील. दोन्ही वेळेला डिफरेन्शियल जवळजवळ शून्य दिसला पाहिजे.

आणि एक, फिल्टर लावला की एलव्हीच्या आतल्या अर्थ फॉल्टला डिफरेन्शियल जरा कमी सेन्सिटिव्ह होतं, न्यूट्रलजवळच्या वेढ्यांना तर फारच. त्याला आरईएफ (फक्त वाइंडिंगमधल्या अर्थ फॉल्टचं वेगळं प्रोटेक्शन) लागतं. न्यूट्रल बुशिंगवर सीटी आहे का तुमच्याकडं?

चिकोडी_इलेक्ट्रिकल
आहे. मार्शलिंग बॉक्सपर्यंत (ट्रान्सफॉर्मरजवळची वायर-जोडणीची पेटी) वायर आलीय, तिथं शॉर्ट करून ठेवलंय. रिलेत आरईएफ आहे पण डिसेबल.

हुक्केरी_पॅनेलवाला
घ्या, आता त्याचीही केबल ओढा. मार्शलिंग बॉक्स ते पॅनेल किती मीटर आहे सांगा, ग्लँड-लग माझ्याकडं शिल्लक आहेत.

उद्यमबाग_टेस्टिंग
केबल ओढून पॅनेलला जोडून होईपर्यंत तो शॉर्ट काढू नका. ट्रान्सफॉर्मर लोडवर असताना तर अजिबात नाही, ओपन सीटीवर किती व्होल्टेज चढतं ते हातानं बघायची गोष्ट न्हाई. आणि सेटिंग बदलायच्या आधी जुनी फाईल सेव्ह करा, साहेबांना तीच दाखवा.