मदत हवी आहे: ऑफ सीझनमध्ये बास्केटबॉल टीमची तयारी कशी करायची? (आज रात्रीपर्यंत सांगा)

डावा_हात:
आमची कॉलेजची टीम आहे. सीझन संपून महिना झाला. सर सुट्टीवर गेलेत आणि जाताना "फिट राहा" एवढंच सांगून गेले. यंदा बऱ्याच मॅचेस शेवटच्या क्वार्टरमध्ये घालवल्या. तीन क्वार्टर बरोबरीने खेळतो, मग पाय जड होतात, पास अर्ध्यावर पडतात आणि समोरची टीम लेअपवर लेअप (पळत रिंगखाली येऊन टाकलेला सोपा शॉट) करते. म्हणून स्टॅमिना वाढवायला रोज सकाळी पाच किलोमीटर पळतोय, तर आता काही जणांचे गुडघे दुखायला लागलेत. नवीन सीझनपर्यंत रोज काय करायचं याचा प्लॅन द्या. व्हिडिओंच्या लिंक नकोत, सगळे बघून झालेत. उद्या सकाळी ग्रुपवर टाकायचा आहे.

जुना_पॉईंटगार्ड:
पळणं कमी करू नका, फक्त रस्त्यावरून कोर्टवर आणा. बेसलाईनवरून (रिंगमागची कोर्टची शेवटची रेषा) फ्री थ्रो लाईनला (जिथून फाऊलनंतरचा मोकळा शॉट घेतात ती रेषा) हात लावून परत, मग हाफ लाईन आणि परत, मग पलीकडची फ्री थ्रो लाईन आणि परत, शेवटी पूर्ण कोर्ट आणि परत. एक फेरी साधारण 140 मीटरची होते. सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना पोरांना हे करायला लावा. चौथ्या क्वार्टरची सवय चौथ्या क्वार्टरसारख्या पायांनीच लागते.

अस्थिर:
नवीन सीझनला किती आठवडे आहेत? जिम आहे का? कोर्ट कसलं, सिमेंटचं की लाकडी? गुडघा नेमका कुठे दुखतो आणि कधी, उडी मारताना की जिना उतरताना? हे कळल्याशिवाय प्लॅन देणं म्हणजे अंधारात बॉल फेकणं.

डावा_हात:
दहा आठवडे. जिम आहे, संध्याकाळी मिळते. कोर्ट सिमेंटचं. गुडघा पुढून दुखतो. आता प्लॅन द्या.

वजनदार:
पाच किलोमीटर एका लयीत पळणं आणि बास्केटबॉल यांचा फारसा संबंध नाही. मॅचमध्ये खेळाडूची हालचाल साधारण दर दोन सेकंदांनी बदलते. धाव, थांब, मागे सरक, उडी, धक्का, परत धाव. पळून हृदय तयार होतं, मान्य. पण थांबायची आणि वळायची ताकद मांड्यांत आणि पार्श्वभागात असते, ती वजन उचलूनच येते. स्क्वॉट, डेडलिफ्ट, लंज, पुल अप, आठवड्यातून तीनदा. पहिले चार आठवडे दुसरं काही केलं नाही तरी चालेल.

जुना_पॉईंटगार्ड:
वजनदार, दुसरं काहीच नाही? महिनाभर बॉलला हात न लावणारा खेळाडू जिममधून दगडी हात घेऊन परततो. मी असे बघितलेत. शूटिंग रोज झालंच पाहिजे.

वजनदार:
रोज शूटिंग कराच, त्याला कुठे नाही म्हटलं? म्हणणं पळण्याबद्दल होतं.

पाटेला:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे लिहून तपासणी होत नाही, तरी दोन गोष्टी सांगते. ज्यांचं दुखतंय त्यांना एका बोटाने जागा दाखवायला सांगा. बोट बरोबर वाटीच्या खालच्या टोकाला, जिथे ती जाड शीर सुरू होते, तिथे पडत असेल आणि उडी, जिना, स्क्वॉट यांनी वाढत असेल तर तो बहुतेक जंपर्स नी, म्हणजे उड्या मारणाऱ्यांचं गुडघेदुखणं. त्या शिरेवर, म्हणजे टेंडनवर, एकदम वाढवलेल्या भाराचं ते दुखणं आहे. सीझनभर उड्या, वर सिमेंटचं कोर्ट, आणि आता रोजचे पाच किलोमीटर, म्हणजे तेच झालेलं दिसतंय.

यात पूर्ण आराम हे औषध नाही. दोन आठवडे झोपून काढले तर दुखणं थांबतं, पण टेंडनची ताकद उतरते आणि पहिल्याच सरावाला पुन्हा तेच सुरू होतं. उड्या आणि पळणं तात्पुरतं कमी करा. भिंतीला पाठ टेकून किंवा लेग एक्स्टेंशनच्या मशीनवर गुडघा वाकलेल्या स्थितीत 45 सेकंद धरून ठेवणं, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. ते जमलं की हळूहळू जड वजनाचे स्क्वॉट, सावकाश खाली, सावकाश वर. व्यायामात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर भार जास्त झाला. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा निसटल्यासारखा वाटत असेल तर यातलं काहीही न करता आधी दाखवून घ्या.

जुना_पॉईंटगार्ड:
ताई, तुमचा आदर आहे, पण जरा दुखलं की पळणं बंद केलं तर टीम उभी राहायची कशी? आम्ही सगळे दुखऱ्या गुडघ्यांनीच खेळलो.

पाटेला:
दादा, बंद नाही म्हटलं, कमी म्हटलं. आणि सगळ्यांचं नाही, ज्यांचं दुखतंय त्यांचं.

रिंगणाबाहेर:
माझा सल्ला वेगळा. शेवटच्या क्वार्टरमध्ये मॅच जाते ती फ्री थ्रोमुळे. खालून दोन्ही हातांनी बॉल टाकायची जुनी पद्धत शिका. एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) जुना खेळाडू रिक बॅरी आयुष्यभर तशीच टाकायचा आणि त्याचे जवळपास 90 टक्के जायचे. तिथल्याच विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 ला एका मॅचमध्ये 100 पॉईंट केले, त्या दिवशी त्याचे 32 पैकी 28 फ्री थ्रो गेले, तेही खालूनच.

अस्थिर:
चेंबरलेनने ती पद्धत पुढे सोडूनही दिली, आणि त्याची टक्केवारी परत घसरली. पण इथे प्रश्न पायांचा आहे.

रिंगणाबाहेर:
सोडली ती लोक काय म्हणतील म्हणून. पद्धतीत खोट नव्हती.

डावा_हात:
फ्री थ्रोचा प्रश्न कुणी विचारलाय? प्लीज प्लॅनवर बोला. पाटेला ताई, बोट वाटीच्या खालीच पडतंय, सेंटरचंही आणि एका फॉरवर्डचंही. थँक्यू.

अस्थिर:
टीममध्ये किती खेळाडू आहेत आणि मॅचमध्ये प्रत्यक्ष किती उतरतात?

डावा_हात:
बारा जणी आहोत. खेळतो सहा-सात जणीच. बाकीच्या नवीन आहेत, त्यांना उतरवलं की लीड जाते.

वजनदार:
जणी? मुलींची टीम आहे हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

डावा_हात:
मुलींची म्हणून प्लॅन बदलतो का? आम्ही स्क्वॉट करू शकतो.

पाटेला:
स्क्वॉट जरूर करा, तिथे काही बदलत नाही. बदलतं ते लँडिंगवरचं लक्ष. कुणाचा धक्का न लागता, नुसतं उतरताना किंवा वळताना एसीएल (गुडघ्याच्या आतला एक मुख्य अस्थिबंध) तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) घेऊन खाली येताना समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि थांबवून बघा. गुडघे एकमेकांकडे आत झुकत असतील, पाय जवळपास सरळ असतील, सगळं वजन एकाच पायावर येत असेल, तर तिथे काम आहे. आधी छोट्या पेटीवरून उतरून थांबणं, आवाज न करता. मग उडी मारून थांबणं. मग एका पायावर, मग हवेत असताना कुणीतरी खांद्याला हलका धक्का देईल तेव्हा. वॉर्मअपमध्येच दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन वेळा. घोट्यासाठी एका पायावर उभं राहून भिंतीवर पास. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळलाय त्यांनी हे चुकवू नये.

आणखी एक. सराव वाढवून खाणं तेवढंच ठेवलं किंवा कमी केलं तर पाळी लांबते किंवा बंद होते. खेळाडूंमध्ये असं व्हायचंच असं म्हणून बरेच जण सोडून देतात. तसं सोडू नका. शरीराला ऊर्जा पुरत नाही याची ती खूण आहे आणि त्यात हाडांवर परिणाम होतो. तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जा.

वजनदार:
सरावाला बॉल कितीचा वापरता?

डावा_हात:
सातचा. मुलांच्या टीमचे असतात तेच आम्ही घेतो. मॅचला सहाचा मिळतो.

वजनदार:
मग हे आधी सुधारा! सात नंबर 580 ते 620 ग्रॅमचा, सहा नंबर 510 ते 550 चा. घेरही तीन-चार सेंटिमीटरने मोठा. वर्षभर जड बॉल खांद्यातून ढकलायची सवय लावायची आणि मॅचला हलका हातात घ्यायचा. पहिल्या क्वार्टरमध्ये शॉट रिंगच्या मागच्या कडेला लागतात का?

डावा_हात:
लागतात. आम्ही तो टेन्शनचा भाग समजत होतो.

नवा_शूज:
ट्रॅव्हलिंगबद्दल (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकण्याची चूक) सांगू का? 2017 पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) नियमात पळताना बॉल गोळा करतानाचं पाऊल शून्य धरतात, त्यानंतर दोन. हे माहीत नसल्याने बऱ्याच कॉलेज खेळाडू लेअपला उगाच आखडतात. युरो स्टेप (दोन पावलांत दिशा बदलून समोरच्याला चुकवणं) याच सुट्टीत शिकून घ्या.

अस्थिर:
नवा_शूज, माहिती बरोबर आहे, पण प्रश्न तो नाही.

डावा_हात, मला जे वाटतं ते सरळ लिहितो. मॅच 40 मिनिटांची. पाच जणींपैकी चौघी जवळपास पूर्ण वेळ कोर्टवर असतील तर चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होणारच, कितीही पळा. तुम्ही ज्याला स्टॅमिना म्हणताय तो निम्मा बेंचचा प्रश्न आहे. नवीन पाच जणींकडून सगळं येण्याची अपेक्षा ठेवू नका. दहा आठवड्यांत प्रत्येकीला एकच काम पक्कं करून द्या. एक फक्त बॉक्स आऊट (समोरच्या खेळाडूला अंगाने रिंगपासून लांब अडवणं) आणि रिबाउंड. एक प्रेसमध्ये (समोरची टीम पूर्ण कोर्टवर अंगावर येते तेव्हा) बॉल न गमावता आठ सेकंदांत हाफ लाईन ओलांडेल एवढीच. एक कोपऱ्यातून थ्री (तीन पॉईंटचा लांबचा शॉट), तिथे लाईन 6.60 मीटरवर आहे, बाकी ठिकाणी 6.75. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये या तिघी प्रत्येकी चार-पाच मिनिटं जरी टिकल्या तरी सेंटरचे गुडघे आणि तुमची मॅच दोन्ही वाचतील.

जुना_पॉईंटगार्ड:
हे पटत नाही. कच्च्या खेळाडूला उतरवून दहा पॉईंट गमावायचे आणि मग ताज्या पायांनी ते भरून काढायचे? मॅच जिंकतात त्या अव्वल पाच जणी.

अस्थिर:
पण चौथ्या क्वार्टरमध्ये त्या अव्वल राहतच नाहीत, हेच तर ती पहिल्या पोस्टपासून सांगतेय.

डावा_हात:
भांडू नका. अस्थिर दादा, आठवड्यांप्रमाणे सांगा.

अस्थिर:
पहिले चार आठवडे जिम तीन दिवस, वजनदारने सांगितलं तसं. कोर्टवर चार दिवस, उड्या कमी, हॅण्डलिंग आणि शूटिंग जास्त, बॉल सहाचाच. पाच किलोमीटर बंद. दम टिकवायचा तर सायकल किंवा पोहणं, दुखऱ्या गुडघ्यांना ते चालतं. पुढचे तीन आठवडे उड्या वाढवा आणि पळणं कोर्टवर आणा: 15 सेकंद जोरात, 30 सेकंद चालणं, असं सहा ते आठ मिनिटं, मध्ये थांबून दोन-तीन वेळा. जुन्या पॉईंटगार्ड दादांची फेरी इथे घाला, ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांच्यासाठी. शेवटचे तीन आठवडे जिम दोन दिवस आणि बाकी पाच विरुद्ध पाच, 24 सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट घ्यायचा) लावून, बारा जणींना फिरवून. आठवड्यातून एक दिवस काहीही नाही. सिमेंटवर सलग दोन दिवस जोराचा सराव ठेवू नका.

पाटेला:
झोप राहिली. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या पुरुष खेळाडूंवरचा अभ्यास आला होता. रात्री दहा तास अंथरुणात राहायला लावल्यावर काही आठवड्यांत त्यांचे फ्री थ्रो आणि थ्री दोन्ही सुमारे 9 टक्क्यांनी सुधारले. खेळाडू मोजकेच होते, तरी पहाटे उठून पळण्यापेक्षा झोपलेलं बरं.

डावा_हात:
ग्रुपवर टाकलं. सेंटर आणि ती फॉरवर्ड या आठवड्यात फिजिओला दाखवणार आहेत. मुलांकडून बॉल मागायची गरजच नाही, सहाचे स्टोअरमध्ये पडलेत, हवा भरायची होती फक्त. आता एकच: सर आल्यावर त्यांना बेंचच्या मुलींना वेळ द्या असं कसं सांगू? ते ऐकत नाहीत.

जुना_पॉईंटगार्ड:
सांगू नकोस, दाखव. शेवटच्या तीन आठवड्यांत आपसात खेळाल तेव्हा एक मुलगी वही घेऊन बाजूला बसव. कोण किती मिनिटं कोर्टवर होती, ती असताना किती पॉईंट झाले आणि किती खाल्ले, एवढंच लिहायचं. बेंचची जी मुलगी कोर्टवर असताना लीड टिकते, तिचं पान सरांपुढे ठेव. मला अजूनही अव्वल पाच जणीच हव्यात, पण कोच म्हणून मी असं पान बघितलं तर त्या मुलीला नक्की उतरवीन.