ऑडिटचं जुनं ऑनलाइन सॉफ्टवेअर नव्याने बांधायचंय, डेटावर अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एका सीएंच्या ऑफिसात एकुलता एक कॉम्प्युटरवाला. क्लायंट बहुतेक पतसंस्था न हाउसिंग सोसायट्या, थोड्या कंपन्या. २०११ साली एकाने वेब फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं जुनं वेब तंत्र) करून दिलेलं सॉफ्टवेअर अजून रेटतोय, मागे डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ (सपोर्ट २०१९ लाच संपला), पुढे एज ब्राउझरचा आयई मोड (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखा चालणारा). करून देणारा फोन उचलत नाही.

कोड नवा लिहीन हो, खरी गोची डेटाची आहे. ऑडिटचे शेरे सगळे जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधले, म्हणजे टेबल उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं न चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर लिहिला, 'शिल्लक'ची पहिली वेलांटी श च्या आधी साठवलेली ती नंतर नेली, 'खर्च'चा रफार च च्या नंतर होता तो आधी आणला, इथवर जमलं, पण त्याच रकान्यात एक्सेलमधून आलेले पॅन नंबर न आयएफएससी कोडही आहेत आणि माझ्या कन्व्हर्टरने त्यांचंही मराठी करून टाकलं!!

दुसरं म्हणजे रकमा फ्लोटमध्ये (आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) आहेत. डेसिमलमध्ये (ठरावीक दशांश नेमके ठेवणारा प्रकार) घेतल्या तर एका पतसंस्थेच्या तेरजेत (ट्रायल बॅलन्स) एक पैशाचा फरक येतोय. मॅडमना (आमच्या सीए) म्हटलं राउंडिंग आहे, त्या म्हणाल्या जुळत नाही म्हणजे जुळत नाही.

आणि शेरा बदलला की जुना गायब, कोणी बदलला पत्ता नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (हिशेबात कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद) सक्तीचा झालाय, आम्ही क्लायंटला तो मागतो आणि आमच्याकडेच नाही 😅

सगळं एकदम बदलू की एकेक मॉड्यूल? सोसायट्यांचं ऑडिट वर्ष संपल्यावर चार महिन्यांत उरकायचं असतं, एप्रिल ते जुलै सर्व्हरला हात लावला तर नोकरी जाईल.

प्रतिसाद १
एकेक मॉड्यूलच, आधी शेरे. जुना रकाना पुसू नका, शेजारी एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा) रकाना काढा, आणि क्वेरीत मजकुराच्या आधी एन (N) हे अक्षर लावायला विसरलात तर नुसती प्रश्नचिन्हं दिसतील (अनुभव आहे). पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. आयएफएससी ११ अक्षरी, पाचवं कायम शून्य. हे आधी बाजूला काढा, मग उरलेलं कन्व्हर्ट करा. पैशाचं म्हणाल तर व्याजाच्या नोंदी बघा, तिथे तीन-चार दशांश साठलेले असणार.

धागाकर्ता
बघितलं, एका खात्याला व्याज १२४.६६५ पडलंय, धन्यवाद दादा! पण मग नव्या सिस्टिममध्ये आरंभीची शिल्लक कुठली घ्यायची, सही झालेल्या अहवालात छापलेली की नोंदी राउंड करून येणारी? मॅडम म्हणतात छापलेली. तसं केलं तर तो एक पैसा दाखवू कुठे?